देणे कोणाचे, मागणारा कोण?

जे देणे आपल्यावर नाही ते केवळ कोणी मागितले म्हणून देऊन टाकणे, याला प्रामाणिकपणा म्हणावे काय? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. देणेच नसेल तर कोण कशाला देईल, असे वाचक म्हणतील. परंतु गेल्या काही वर्षांत असंख्य माणसांनी नेमके हेच केले आहे. दुपारच्या निवांत वेळी फोन वाजतो. पलीकडचा आवाज आपले संपूर्ण नाव उच्चारतो, जन्मतारीख सांगतो, कधी आधार कार्डाचे शेवटचे चार आकडेही सांगतो. अमुक कंपनीचे कर्ज आपल्या नावावर थकलेले आहे, प्रकरण न्यायालयात गेले आहे, आज सायंकाळपर्यंत रक्कम भरली नाही तर उद्या सकाळी पोलीस दारात उभे राहतील, असे तो बजावतो. ऐकणाऱ्याला असे कर्ज घेतल्याचे आठवत नाही. तरीही त्याचा हात थरथरतो, आणि अर्ध्या तासात त्याच्या खात्यातून पैसे निघून गेलेले असतात.

असा माणूस भोळा किंवा मूर्ख असतो असे म्हणून विषय मिटवता येईल. आम्हांला ते पटत नाही. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे बुडवले त्याला असा फोन आला तर तो खुशाल हसतो आणि चहाचा कप पुढे ओढतो. थरथरतो तो, ज्याने वाण्याची उधारीही महिनाअखेरीस न चुकता फेडली. लॉटरीचे आमिष दाखवणारा ठक आपल्या लोभावर जगतो. खोटा तगादा लावणारा आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर जगतो. म्हणूनच हा विषय पोलिसांचा आणि बँकांचा जितका आहे, तितकाच नीतिशास्त्राचाही आहे, असे आम्ही मानतो.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या आरंभीच हा प्रश्न वेगळ्या वेषात भेटतो. केफालस नावाचा एक सधन वृद्ध सॉक्रेटिसाशी बोलत बसलेला आहे. संपत्तीचा सर्वांत मोठा लाभ कोणता, असे सॉक्रेटिस त्याला विचारतो. वृद्धाचे उत्तर मोठे हृद्य आहे. देवाचे किंवा माणसाचे काही देणे मागे ठेवून भीत भीत या जगातून जावे लागत नाही, हा तो लाभ, असे तो सांगतो. आपल्याकडील कोणत्याही आजोबांच्या तोंडी हे उत्तर शोभून दिसेल. मरण्यापूर्वी सगळ्यांचे हिशेब चुकते करावेत, कोणाचा पैसा अंगावर राहू नये, ही तळमळ आम्ही आमच्या वाडवडिलांत पाहिलेली आहे. खोटा तगादा लावणारा वृद्धांनाच का गाठतो, याचे एक कारण येथे सापडते. त्याला केफालसाची भीती ठाऊक असते.

परंतु सॉक्रेटिस तेवढ्यावर थांबत नाही. एखाद्या मित्राने शहाणपण शाबूत असताना आपली शस्त्रे आपल्यापाशी ठेवायला दिली, आणि पुढे वेड लागलेल्या अवस्थेत तो ती मागू लागला, तर ती परत करणे हे न्यायाचे होईल काय, असे तो विचारतो. घेतलेले परत करणे म्हणजेच न्याय, ही व्याख्या तेथे डळमळते. कोणाला, केव्हा आणि कोणत्या स्थितीत परत करायचे, हे प्रश्न देण्याच्या पोटातच असतात. संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेडीचा विचार करताना याच सूत्राची कसून चर्चा केली आहे. ज्याचे त्याला देणे हा न्याय. मग ज्याचे नाही त्याला देणे हे काय? ते दान असू शकेल, चूक असू शकेल, भीतीने दिलेली खंडणी असू शकेल. त्याला ऋणफेड म्हणता येणार नाही, कारण फेडण्याजोगे ऋण त्या दोघांत कधी नव्हतेच.

ऋण ही नुसती रक्कम नसते. दोन माणसांमधले ते एक नाते असते. त्याला धनको आहे, ऋणको आहे, देवघेवीचा दिवस आहे, ठरलेला करार आहे. नात्याचा दावा करणाऱ्याने ते सिद्ध करावे लागते. दारात उभा राहून कोणी अनोळखी मनुष्य ‘मी तुझा चुलता’ असे म्हणाला, तर आपण त्याला बसायला देऊ, पाणी देऊ, पण वाडवडिलांचे नाव आणि गाव विचारल्याशिवाय घराची वाटणी करून देणार नाही. आणि असे विचारण्यात त्याचा अपमान आहे, असेही कोणी समजणार नाही.

पूर्वीच्या तगाद्याला चेहरा होता, हे येथे आठवावे. सावकार गावातलाच असे. मुंबईच्या गिरणगावात पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी काठी घेऊन उभा राहणारा पठाणही सर्वांच्या ओळखीचा असे. त्याचे व्याज जीवघेणे होते, भाषा उर्मट होती. तो कोण, हा प्रश्न मात्र कोणाला पडत नसे. त्या व्याजातून शेतकऱ्याला आणि कामगाराला सोडवण्यासाठी १९०४ च्या कायद्यानंतर सहकारी पतपेढ्या निघू लागल्या. आमच्या वसईत १९१८ साली कॅथॉलिक पतपेढी उभी राहिली आणि पुढे तिची बँक झाली. अशा संस्थांत कर्ज घेणारा, त्याला जामीन राहणारा आणि वसुलीला येणारा, तिघेही रविवारी एकाच मंदिरात शेजारी शेजारी बसलेले असत. हप्ता थकला तर लाज वाटे. पण ती ओळखीच्या माणसासमोरची लाज होती, आणि तिच्यात ‘पुढच्या महिन्यात नक्की’ असे म्हणायला जागा होती.

जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात धनकोसाठी एक नियम सांगितलेला आहे. त्याचा आशय असा की, उसने देणाऱ्याने गहाण वस्तू घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये. त्याने बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने ती वस्तू बाहेर आणून द्यावी. इतक्या प्राचीन काळी, इतक्या छोट्या नियमात माणसाच्या उंबरठ्याची केवढी बूज राखली आहे! देणे खरे असले तरी घर ऋणकोचेच आहे. मागणाऱ्याचा हक्क दाराशी संपतो. फोनला उंबरठा नाही. तो स्वयंपाकघरात वाजतो, आजाऱ्याच्या उशाशी वाजतो, आणि खऱ्या धनकोलाही जेथे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती तेथे कोणीही ऐरागैरा थेट येऊन बसतो.

त्याच्या आवाजावर आपला विश्वास का बसतो? आमच्या मते याचे मूळ आपल्या जुन्या अनुभवात आहे. आपले नाव, बापाचे नाव, घराचा पत्ता ज्याला ठाऊक तो आपला कोणीतरी लागतो, असा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव होता. माहिती ही ओळखीची खूण होती, कारण ओळखीशिवाय ती मिळतच नसे. आज ती विकत मिळते. दुकानात बिलासाठी दिलेला क्रमांक, इमारतीच्या दारावरील वहीत लिहिलेले नाव, कर्जाच्या चौकशीसाठी भरलेला अर्ज, यांतून आपले तुकडे बाजारात फिरत असतात. पलीकडच्याला आपली जन्मतारीख ठाऊक आहे, एवढ्यावरून आज काहीच सिद्ध होत नाही. हे बुद्धीला कळते. काळजाला कळायला अजून वेळ लागणार आहे.

मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांनी तर या माहितीचे हत्यारच केले. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या जानेवारीत नेमलेल्या कार्यगटाला त्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत भारतीय ग्राहकांना उपलब्ध असलेली कर्जाची सुमारे १,१०० ॲपे आढळली, आणि त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदेशीर होती. दोन-पाच हजारांचे कर्ज देताना ही ॲपे फोनमधील सगळ्यांची नावे, क्रमांक आणि छायाचित्रे उचलत. मग वसुलीच्या नावाखाली नातेवाइकांना, कचेरीतल्या साहेबांना, मुलीच्या सासरी फोन जात. छायाचित्रे विद्रूप करून पाठवली जात. कर्ज फेडून झाल्यावरही तगादा थांबत नसे. काहींनी या छळापायी जीव दिला. त्या मृत्यूंच्या बातम्या वाचताना आम्हांला एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवली. रक्कम तशी फार मोठी नसे. माणसे बेअब्रूच्या भयाने मेली.

महाराष्ट्राला या प्रकाराचा एक जुना धडा ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यांचा रोख मुख्यतः कशावर होता? खतपत्रांवर, रोख्यांवर. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तेथे माणसांना सहसा इजा झाली नाही. कागद जाळले गेले आणि जमाव पांगला. कागदावर अंगठा होता, पण काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. शंभर घेतले की दोनशे, हे ठरवण्याचे सामर्थ्य लिहिणाऱ्याकडेच होते. यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. न्यायाधीशाने रोख्यावरची सही किंवा अंगठा पाहून स्वस्थ न बसता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, अशी तरतूद त्यात केली गेली. ऋणकोला भरलेल्या पैशांची पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्कही मिळाला.

आमच्या दृष्टीने या कायद्याचे महत्त्व असे की, हिशेब मागणे हा कर्ज बुडव्याचा कांगावा नसून ऋणकोचा हक्क आहे, हे तेथे मान्य झाले. त्या काळी कागद होता, पण वाचता येत नव्हता. आज आपल्याला वाचता येते, आणि फोनवरचा माणूस कागद दाखवतच नाही. सुप्याच्या शेतकऱ्याला जे मागावेसे वाटले पण मागता आले नाही, ते आपण मागायला लाजावे, हे विपरीत आहे.

खरा वसुली करणारा आणि खोटा, यांत फरक कसा करावा, असे वाचक विचारतील. आम्ही काही बँकेचे अधिकारी नाही. परंतु थोडे लक्ष दिले तर दोघांचे वागणे वेगळे दिसते. खऱ्या धनकोला वेळ चालतो. त्याच्यापाशी खाते क्रमांक आहे, कर्जाची तारीख आहे, मुद्दल आणि व्याज यांचा तक्ता आहे, आणि तो टपालाने पाठवायला त्याची हरकत नसते. खोट्याला वेळ चालत नाही. आजच, आत्ताच, फोन न ठेवता, असा त्याचा हेका असतो, कारण फोन ठेवल्याबरोबर आपण मुलाला विचारू, शेजारच्या वकिलाला विचारू, बँकेत जाऊ, हे तो ओळखून असतो. ‘कोणाला सांगू नका, तुमचीच बेअब्रू होईल’ असे तो काळजीच्या सुरात सांगतो. कार्यालयाचा पत्ता विचारला की चिडतो. पैसे संस्थेच्या खात्यात न मागता कोणा व्यक्तीच्या क्रमांकावर मागतो, किंवा फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवायला सांगतो. सगळी रक्कम जमत नसेल तर ‘निदान दोन हजार तरी भरा, मी साहेबांना सांभाळून घेतो’ अशी दयाही दाखवतो. ही दया आम्हांला धमकीपेक्षा अधिक घातक वाटते. धमकीने माणूस सावध होण्याचा संभव असतो. दयेने तो कृतज्ञ होतो.

खऱ्या वसुलीलाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नये, धाकदपटशा दाखवू नये, चारचौघांत अपमान करू नये, असे बजावले. वसुलीसाठी कोणाला नेमले आहे हे बँकेने ऋणकोला आधी कळवावे, असा दंडक तर २००८ पासूनचा. तेव्हा रात्री नऊ वाजता शिवीगाळ करणारा मनुष्य समजा खऱ्याच बँकेचा निघाला, तरीही तो नियमभंग करीत असतो आणि त्याची तक्रार करता येते.

अटकेच्या भयाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण या साऱ्या खेळाचा खुंटा तोच आहे. साधे कर्ज थकणे हा आपल्या देशात गुन्हा नाही. तो दिवाणी मामला आहे. वटला नाही असा धनादेश दिला, किंवा फसवणूक करून कर्ज काढले, तर गोष्ट निराळी. दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत ऋणकोला कैदेत टाकण्याची तरतूद कायद्यात आहे खरी. परंतु १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला कडक लगाम घातला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालपत्रात स्पष्ट केले की, ऐपत असूनही दुष्टबुद्धीने जो देत नाही त्याची गोष्ट वेगळी. केवळ गरिबीमुळे जो देऊ शकत नाही त्याला तुरुंगात धाडणे आपल्या संविधानाला मंजूर नाही. देशातील सर्वोच्च न्यायपीठ ऋणकोची इतकी बाजू घेते, आणि कोणा अनामिकाच्या ‘वॉरंट निघाले आहे’ या तीन शब्दांनी आपल्या घशाला कोरड पडते! वॉरंट फोनवर निघत नाही, आणि फोनवर रद्दही होत नाही.

आता सर्वांत अवघड प्रसंग घेऊ. समजा, घरातील कर्ता पुरुष महिन्यापूर्वी वारला आहे. त्याच्या विधवेला फोन येतो. ‘तुमच्या यजमानांनी आमच्याकडून चाळीस हजार घेतले होते. ते सज्जन गृहस्थ होते, त्यांच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून आधी तुम्हांला फोन केला.’ ती काय करील? तिला काही ठाऊक नाही. पतीने सांगितले नसेलही. ज्याला विचारायचे तोच उरलेला नाही. आणि मृताच्या आत्म्याला कसलाही बोजा राहू नये ही भावना तर आपल्या हाडीमांसी खिळलेली. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य, असे जुने हिंदू धर्मशास्त्र सांगे. त्यावर मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने मर्यादा आल्या, आणि २००५ च्या दुरुस्तीने त्या कर्तव्याचा कायदेशीर आधारच काढून घेतला. आज वारसावर मृताच्या कर्जाची जबाबदारी येते ती त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपुरतीच. स्वतःच्या कमाईतून फेडण्याचे बंधन, तो जामीन किंवा सहकर्जदार नसेल तर, त्याच्यावर नाही. कायदा बदलला तरी भावना राहिली, आणि ती ख्रिस्ती घरांतही तितकीच खोल आहे. ती वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. पतीचे नाव निष्कलंक राहावे म्हणून स्वतःची बांगडी मोडायला निघालेल्या स्त्रीपुढे आमचे मस्तक नमते. फक्त तिच्या शेजारी बसून कोणीतरी विचारावे, की बाई, ज्यांचे नाव राखायचे त्यांनी असे कर्ज घेतल्याचा कागद कोठे आहे? नसलेल्या कर्जाची कबुली देऊन आपण त्यांच्या नावावर एक खोटा डाग लावीत आहोत, असे तर होणार नाही ना? शोक करणाऱ्याला सवड मिळण्याचा हक्क असतो. दुःखाच्या घरात घाईने पैसे मागणाऱ्याचा दावा खरा असला तरी त्याची रीत खोटी असते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. प्रत्येकाने असे पुरावे मागायला सुरुवात केली तर खरे ऋणकोही या पडद्याआड लपतील. बँकेचा फोन आला की ‘खोटा असेल’ म्हणून ठेवून द्यायचा, आणि शांत झोपायचे! असे करणारे लोक आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, फोन ठेवल्याने अर्धे काम झाले. उरलेले अर्धे तेव्हा सुरू होते. पासबुकावर किंवा करारावर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा, अथवा शाखेत जावे. फोन करणाऱ्याने दिलेला क्रमांक मात्र कटाक्षाने टाळावा. आपल्या नावावर कोणती कर्जे नोंदलेली आहेत याचा अहवाल सिबिलसारख्या चार पतमाहिती संस्थांकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो, तो मागवावा. देणे खरे निघाले तर फेडावे, एकदम जमत नसेल तर हप्ते बांधून घ्यावेत. आवाजाला नकार देणे म्हणजे देण्याला नकार देणे नव्हे. पण दुसऱ्याचा आळस पहिल्याच्या आड लपवू नये.

आणि ज्याचे काही देणे खरोखर कोठेतरी बाकी आहे, तो तर अधिकच अलगद सापडतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ च्या फेब्रुवारीत अशाच एका टोळीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. आयोगाचे म्हणणे असे होते की, भारतातून फोन करून अमेरिकन नागरिकांकडून नसलेल्या किंवा त्या टोळीशी संबंध नसलेल्या कर्जांपोटी पन्नास लाखांहून अधिक डॉलर उकळले गेले. ज्यांना फोन गेले त्यांपैकी पुष्कळांनी पूर्वी कधीतरी पगारापुरते अल्पमुदतीचे कर्ज घेतले होते किंवा निदान त्यासाठी अर्ज केला होता. म्हणजे मनात एक अर्धवट आठवण होती, आणि आवाजाने तिला फक्त आकडा चिकटवला.

जुन्या, खऱ्या कर्जांचेही एक कोडे आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या वसुलीसाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. ती मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने लेखी कबुली दिली किंवा अंशतः भरणा केला तर मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. ‘कटकट नको, शंभर रुपये देऊन टाकतो’ असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. मुदत टळली की दावा बुडतो; पण कर्ज बुडते काय? कायदा येथे हात झटकतो, विवेक झटकू शकत नाही, असे आमचे मत आहे. वीस वर्षांपूर्वी मित्राकडून घेतलेले पैसे आज कोर्टात मागता येत नसतील. ते देणे म्हणून उरतातच. मात्र ते द्यायचे तर आपण होऊन त्या मित्राच्या किंवा त्याच्या मुलांच्या हाती नेऊन द्यावेत. फोनवरच्या आवाजाचा त्यात काही संबंध नाही.

फोन करणाऱ्याशी आपण कसे बोलावे, हाही नीतीचाच प्रश्न. खोटे बोलणाऱ्याशी खोटे बोललेले चालते, असे पुष्कळांना वाटते. संत ऑगस्टीन यांना ते मान्य झाले नसते. असत्य कोणत्याही कारणासाठी क्षम्य नाही, अशी त्यांची कठोर भूमिका होती. सुदैवाने येथे खोटे बोलण्याची गरजच पडत नाही. सत्य लपवणे आणि असत्य बोलणे यांत अंतर आहे, आणि ज्याचा अधिकार सिद्ध झालेला नाही त्याला आपल्या घरची माहिती पुरवण्यास आपण बांधलेले नाही. ‘आपण अमुकच बोलता ना?’ या प्रश्नाला ‘आपण कोण बोलता?’ हे उत्तर पुरे. नाव, संस्था, पत्ता विचारावा, ‘जे काही आहे ते लेखी पाठवा’ असे सांगावे आणि फोन ठेवावा. शिव्या देऊ नयेत. पैसे गेलेच असतील तर लाजेने दोन दिवस गप्प न बसता तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. वेळीच कळवल्यास रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता असते.

शिव्या देऊ नयेत, असे आम्ही म्हटले त्याला शिष्टाचारापलीकडचेही एक कारण आहे. तो आवाज कोणाचा असतो? २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील काही कॉल सेंटरांवर धाडी घातल्या आणि सातशेहून अधिक तरुण-तरुणींना चौकशीसाठी ताब्यात घेतले. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथून फोन जात. तुमचा कर थकला आहे, पोलीस निघाले आहेत, असे सांगून माणसांना दुकानात पिटाळले जाई, भेटकार्डे विकत घ्यायला लावून त्यांवरचे क्रमांक वाचून घेतले जात. मीरा रोड आमच्या वसईच्या खाडीपलीकडे आहे. इंग्रजी बोलता येणारी, नुकती शिकून बाहेर पडलेली, पहिल्या नोकरीच्या शोधातली मुले तेथे होती. त्यांतील काहींना आपण काय करतो हे पहिल्याच आठवड्यात उमगले असेल. काहींनी उमगू दिले नसेल. २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरील फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना सरकारने विमानाने परत आणले. परदेशी नोकरीचे आमिष दाखवून अशा अड्ड्यांवर नेलेल्यांचे पारपत्र काढून घेतात आणि दिवसभर अनोळखी लोकांना गंडवण्याच्या कामाला जुंपतात. म्हणजे आपल्याला धमकावणारा आवाज स्वतःही कोणाच्या तरी धमकीखाली बोलत असेल. हे ठाऊक झाल्याने आपण त्याला पैसे द्यावेत असे होत नाही. त्याच्याविषयीची आपली भाषा तेवढी बदलावी.

मीरा रोडच्या खोलीत जी मुले स्वेच्छेने बसली होती, त्यांचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. नसलेले देणे दुसऱ्याकडून वसूल करता करता ती स्वतः खरीखुरी ऋणको झाली. प्रश्न असा की, हे ऋण कोणाला फेडायचे? अहमदाबाद येथील कॉल सेंटरांतून चाललेल्या अशाच कारस्थानात अमेरिकेतील ह्यूस्टनच्या न्यायालयाने २०१८ च्या जुलैत शिक्षा सुनावल्या, आणि ओळख पटलेल्या बळींना सुमारे नव्वद लाख डॉलरची भरपाई देण्याचा आदेश दिला. ओळख न पटलेल्यांचे काय? फोनवर ज्याला रडवले तो म्हातारा कोण होता, कोणत्या गावचा होता, हे त्या मुलाला आज आठवणारही नाही. संत थॉमस या पेचाचाही विचार करून गेले आहेत. ज्याचे देणे आहे त्याचा कसून शोध घ्यावा, आणि तो मुळीच सापडला नाही तर त्याच्या कल्याणार्थ ते गोरगरिबांना द्यावे, असे ते सांगतात.

आणि पहिल्या पगाराचे पाकीट ज्या आईच्या हाती ठेवले गेले, तिच्याकडे या देण्याचा काही वाटा येतो काय? तिला ठाऊक नव्हते तोवर नाही. ठाऊक झाल्यावर, त्या पैशांतून आलेले जे काही घरात अजून शिल्लक असेल त्याचा हिशेब तिला मांडावा लागेल, आणि तो मुलाला समोर बसवून मांडावा.